मुलांच्या दुःखाला गोष्टीची सोबत

घरात कुणाचा मृत्यू झाला की लहान मुलांना सगळ्यात आधी शेजारी पाठवलं जातं. ‘त्याला कशाला हे बघायला लावायचं,’ म्हणत कुणीतरी मोबाइलवर कार्टून लावून देतं. दहावा-तेरावा होतो, पाहुणे आपापल्या गावी जातात, भिंतीवर हार घातलेला फोटो लागतो आणि मूल पुन्हा शाळेत जाऊ लागतं. ते जेवतंय, खेळतंय, मित्रांशी भांडतंय हे बघून घरच्यांना हायसं वाटतं. ‘लहान आहे अजून, विसरेल हळूहळू,’ असं सगळे एकमेकांना सांगतात.

बहुतेकदा मूल विसरलेलं नसतं. बाबांचं नाव काढलं की आईच्या डोळ्यांत पाणी येतं आणि आजी विषय बदलते, हे त्याच्या लक्षात आलेलं असतं. म्हणून ते विचारायचं थांबतं. प्रश्न मात्र आत तसेच असतात. बाबा कुठे गेले? परत कधी येणार? माझ्यामुळे गेले का? आता आईपण जाईल का?

या प्रश्नांपर्यंत पोहोचण्याचा एक साधा आणि कमी खर्चाचा मार्ग म्हणजे गोष्टीचं पुस्तक. शोकात असलेल्या मुलांबरोबर काम करणारे समुपदेशक त्याचा वापर करतात. पण हे काम फक्त तज्ज्ञांचं नाही. आई, आजोबा, मावशी, वर्गशिक्षक, अंगणवाडीताई यांपैकी कुणीही ते करू शकतं. अट एकच: पुस्तक मुलाच्या हातात देऊन आपण बाजूला व्हायचं नाही.

अशी मुलं थोडीथोडकी नाहीत. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला दिलेल्या माहितीनुसार, एप्रिल २०२० पासूनच्या काळात देशातल्या सुमारे १ लाख ४७ हजार मुलांनी कोविडमुळे किंवा इतर कारणांनी आई, वडील किंवा दोघंही गमावले होते. आजार, अपघात, आत्महत्या यांमुळे पोरकी होणारी मुलं त्याआधीही होती, आजही आहेत. त्यांच्या फीची, धान्याची, कागदपत्रांची सोय कशी करायची याचा विचार नातेवाईक करतात आणि तो करायलाच हवा. त्यांच्याशी बोलायचं कसं, हा विचार मात्र राहून जातो.

मृत्यू म्हणजे काय, हे कधी कळतं?

हंगेरीतल्या मानसशास्त्रज्ञ मारिया नॉज यांनी बुडापेस्ट आणि परिसरातल्या ३ ते १० वर्षांच्या ३७८ मुलांशी मृत्यूबद्दल बोलून, त्यांच्याकडून चित्रं काढून घेऊन एक अभ्यास केला. तो १९४८ साली प्रसिद्ध झाला. पाच वर्षांखालच्या अनेक मुलांना मृत्यू म्हणजे दूर जाणं किंवा झोपणं वाटत होतं, म्हणजे त्यातून परत येता येतं असं वाटत होतं. त्याहून थोडी मोठी मुलं मृत्यूला एखाद्या माणसाचं रूप देत होती. नऊ-दहाच्या सुमारास तो सगळ्यांना येणारा, शरीराशी निगडित बदल आहे, हे त्यांना उमगत होतं.

पुढच्या संशोधनाने वयाच्या या रेषा थोड्या अलीकडे आणल्या. मार्क स्पीस आणि सँडर ब्रेंट या संशोधकांनी १९८४ मध्ये तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. मृत्यूच्या समजेत तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात, हे त्यांनी दाखवलं. मेलेला जीव परत येत नाही. मेल्यावर शरीराची सगळी कामं थांबतात, म्हणजे भूक, थंडी, वेदना काहीच उरत नाही. आणि प्रत्येक सजीव कधी ना कधी मरतो. बहुतेक मुलांना या तिन्ही गोष्टी पाच ते सात वर्षांच्या दरम्यान समजू लागतात. पण तिन्ही एकाच दिवशी समजत नाहीत. ‘आबा वारले’ असं शाळेत सांगणारं मूल संध्याकाळी ‘आबा कधी येणार?’ असंही विचारू शकतं. त्यात हट्ट नाही आणि विसराळूपणाही नाही. एक भाग कळला आहे, दुसरा अजून कळायचा आहे.

आपल्याकडच्या मुलांचा गोंधळ वाढवणारी आणखी एक गोष्ट आहे. दरवर्षी आपण गणपतीचं विसर्जन करतो आणि त्याला पुढच्या वर्षी परत बोलावतो. तो येतोही. हे पाहत वाढलेल्या चार वर्षांच्या मुलीला नदीत अस्थी सोडल्यावर आजोबाही परत येतील असं वाटलं, तर तिच्या हिशेबात काहीच चूक नसते.

गोड शब्दांचे घाबरवणारे अर्थ

मुलांना दुखवू नये म्हणून आपण शब्द मऊ करतो. ‘आजी झोपली’ ऐकलेलं मूल रात्री झोपायला घाबरू शकतं. ‘बाबा गावाला गेले’ म्हटलं की ते दाराकडे डोळे लावून बसतं आणि न सांगता गेलेल्या बाबांवर रागावतं. ‘देवाला चांगली माणसं आवडतात’ हे वाक्य लहान मुलाला उलट शिकवतं, की फार चांगलं वागू नये. ‘आजारी होती म्हणून गेली’ एवढंच सांगितलं, तर पुढच्या वेळी आईला साधा ताप आला तरी त्याच्या पोटात गोळा येतो.

त्याहून वाईट म्हणजे काही घरांत अजूनही कानावर पडणारं बोलणं. नवजात बाळाला किंवा मुलीला ‘पांढऱ्या पायाची’ म्हणणं, दहा वर्षांच्या मुलाला ‘आता तूच घरातला कर्ता पुरुष’ असं सांगणं. लहान मुलांना आपल्या मनातल्या विचारांमुळे बाहेरच्या घटना घडतात असं वाटत असतं. आदल्या दिवशी रागाच्या भरात ‘बाबा, तू मला नकोस’ म्हटलेलं असेल, तर बाबांचा मृत्यू आपल्यामुळेच झाला, असा निष्कर्ष मूल स्वतःच काढतं आणि कुणाला सांगत नाही. त्यात मोठ्यांच्या बोलण्याची भर पडली, तर ते ओझं वर्षानुवर्षं राहतं.

खरे, छोटे आणि स्पष्ट शब्द मुलांना पेलतात. ‘आबांचं हृदय बंद पडलं. डॉक्टरांनी प्रयत्न केले, पण ते पुन्हा सुरू झालं नाही. आबा वारले. ते आता परत येणार नाहीत. तू काही केलंस म्हणून हे झालेलं नाही.’ घरात आत्म्यावर, पुनर्जन्मावर श्रद्धा असेल तर तीही सांगावी. फक्त शरीराचं काय झालं ते आधी सांगावं, श्रद्धा त्यानंतर.

हे शब्द तोंडातून निघणं मोठ्यांना सोपं नसतं, कारण त्यांचंही माणूस गेलेलं असतं. इथे पुस्तक उपयोगी पडतं.

गोष्ट नेमकं काय करते?

पुस्तकांचा उपचारासाठी वापर या अर्थाचा ‘बिब्लिओथेरपी’ हा शब्द सॅम्युअल क्रोदर्स या अमेरिकन लेखकाने १९१६ मध्ये एका लेखात वापरला. पुढे कॅरोलिन श्रोड्स यांनी त्यामागचे टप्पे मांडले. आधी वाचणारा गोष्टीतल्या पात्रात स्वतःला पाहतो. मग त्या पात्राच्या निमित्ताने त्याच्या भावना मोकळ्या होतात. आणि शेवटी, ‘हे माझंही असं आहे, यातून असंही जाता येतं’ अशी उमज येते.

लहान मुलांच्या बाबतीत अजून एक साधं कारण आहे. मोठ्या माणसाने समोर बसवून ‘तुला काय वाटतंय?’ असं विचारलं, तर मूल खाली मान घालतं. त्याच माणसाच्या कुशीत बसून दोघं एका चित्राकडे बघत असतील, तर बोलणं चित्राबद्दल होतं. समजा, आजी नातवाला मेलेल्या पाखराची गोष्ट वाचून दाखवते आहे.

‘आजी, त्याला मातीत थंडी वाजेल का गं?’

‘नाही रे बाळा. शरीर बंद पडलं की थंडी वाजत नाही, भूक लागत नाही, काही दुखतही नाही.’

‘मग आबांना भाजलं नाही?’

अंत्यसंस्कारांबद्दल कानावर पडलेला हा प्रश्न ते मूल कित्येक दिवस मनात घेऊन फिरत असू शकतं. थेट विचारून तो बाहेर आला नसता. पाखराने त्याला वाट करून दिली. आणि आजीकडेही उत्तर तयार होतं, कारण अर्धं उत्तर तिने पाखराबद्दल देऊन झालं होतं.

शिवाय पुस्तक मिटता येतं. मुलं मोठ्यांसारखी सलग शोक करत नाहीत. रडता रडता उठून क्रिकेट खेळायला जातात आणि तासाभराने पुन्हा आईच्या पदराला येऊन चिकटतात. ही बेफिकिरी नाही. जेवढं झेपतं तेवढंच दुःख एका वेळी घेण्याची ती त्यांची पद्धत आहे. पुस्तकाचं मापही त्यांच्याच हातात असतं. नको वाटलं तर पान उलटायचं, हवं असेल तर तेच पान दहा वेळा वाचायला लावायचं.

काही पुस्तकं आणि त्यांचं वेगळेपण

मार्गारेट वाइज ब्राऊन यांच्या मजकुराला रेमी शार्लिप यांची चित्रं असलेलं ‘द डेड बर्ड’ १९५८ मध्ये आलं. मुलांना खेळताना एक मेलेलं पाखरू सापडतं. ते हळूहळू गार आणि ताठ होतं. मुलं त्याला पुरतात, फुलं वाहतात, गाणं म्हणतात आणि नंतर पुन्हा खेळायला लागतात. मृत्यूत शरीराचं काय होतं, निरोप कसा देतात आणि त्यानंतर खेळणं हा गुन्हा नाही, या तिन्ही गोष्टी त्यात उपदेशाशिवाय येतात.

सुझन व्हार्ली यांच्या ‘बॅजर्स पार्टिंग गिफ्ट्स’ (१९८४) मध्ये म्हातारा बॅजर मरतो. त्याचे मित्र खूप रडतात, मग एकेक जण त्याने आपल्याला काय शिकवलं ते सांगू लागतो. आजी-आजोबा गेलेल्या घरात हे पुस्तक चांगलं चालतं, कारण वाचून झाल्यावर ‘आपल्या आबांनी तुला काय शिकवलं?’ हा प्रश्न सहज येतो. ई. बी. व्हाइट यांची ‘शार्लट्स वेब’ (१९५२) ही कादंबरी आठ-नऊ वर्षांपुढच्या मुलांसाठी आहे. त्यात शार्लट ही कोळीण मरते, पण तिने जीव वाचवलेलं विल्बर हे डुक्कर तिच्या पिल्लांबरोबर जगत राहतं.

मोठ्यांचं दुःख मुलांना दाखवावं की नाही, असं वाटणाऱ्यांनी मायकेल रोझेन यांचं ‘सॅड बुक’ (२००४) पाहावं. रोझेन यांचा मुलगा एडी १८ वर्षांचा असताना मेंदूज्वराने गेला. त्यानंतरचं स्वतःचं दुःख त्यांनी मुलांसाठी लिहिलं आणि क्वेंटिन ब्लेक यांनी चितारलं. हसरा चेहरा आतून दुःखी असू शकतो, हे त्याच्या पहिल्याच चित्रात दिसतं. ऑलिव्हर जेफर्स यांच्या ‘द हार्ट अँड द बॉटल’ (२०१०) मधली मुलगी जवळचं माणूस गेल्यावर आपलं हृदय बाटलीत जपून ठेवते आणि मग तिला कशातच गोडी वाटेनाशी होते. गप्प झालेल्या मुलांना हे चित्र चटकन कळतं. भारतात चतुरा राव यांचं ‘गॉन ग्रँडमदर’ हे तूलिका प्रकाशनाचं चित्रपुस्तक आजी गेल्यानंतर नातीला पडणाऱ्या प्रश्नांबद्दलच आहे.

मराठीत तर साने गुरुजींची ‘श्यामची आई’ (१९३५) घरोघरी आहे. आपण ती संस्कारांचं पुस्तक म्हणून मुलांच्या हाती देतो. पण मुळात ती आई गमावलेल्या मुलाने मित्रांना रात्रीमागून रात्र सांगितलेल्या आठवणी आहेत. गेलेल्या माणसाबद्दल बोलत राहणं हीच तिची रचना आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलाबरोबर ती या नजरेने वाचली, तर वेगळीच भेटते. मात्र ‘बघ श्याम कसा होता, तूही तसा वाग’ ही जोड तेव्हा नको.

मोठं माणूस शेजारी हवं

अमेरिकेतल्या ‘सेसमी स्ट्रीट’ या मुलांच्या दूरचित्रवाणी मालिकेत दुकानदार मिस्टर हूपर यांची भूमिका करणारे विल ली डिसेंबर १९८२ मध्ये वारले. हूपर गाव सोडून गेले असं दाखवणं सोपं होतं. निर्मात्यांनी तज्ज्ञांचा सल्ला घेऊन खरं सांगायचं ठरवलं. ‘बिग बर्ड’ या पात्राला मोठी माणसं समजावतात की हूपर वारले आहेत आणि ते परत येणार नाहीत. हा भाग २४ नोव्हेंबर १९८३ रोजी, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीच्या दिवशी दाखवला गेला. त्या दिवशी आई-वडील घरी असतील आणि मुलांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला कुणीतरी जवळ असेल, हा त्यामागचा विचार होता. पुढे त्याचं पुस्तकही झालं.

संशोधनही याच दिशेला बोट दाखवतं. हार्वर्डच्या विल्यम वर्डेन आणि फिलिस सिल्व्हरमन यांनी आई किंवा वडील गमावलेल्या ७० कुटुंबांतल्या १२५ मुलांचा दोन वर्षं पाठपुरावा केला. मूल कसं सावरतं, हे बऱ्याच अंशी मागे राहिलेले आई किंवा वडील स्वतः कसे सावरतात आणि घराची घडी किती टिकून राहते यावर अवलंबून असल्याचं त्यात दिसलं. निम्म्याहून अधिक मुलं गेलेल्या आई-बाबांशी मनात बोलत होती, त्यांची एखादी वस्तू जपत होती. ते नातं तोडून टाकण्याऐवजी मुलं त्याला नव्या जागी ठेवतात, हे यातून पुढे आलं.

पुस्तकांनी नेमका किती फरक पडतो? गोष्टींच्या आधारे मुलांना मदत करण्याच्या प्रयोगांचा २०१५ मध्ये एक पद्धतशीर आढावा प्रसिद्ध झाला. मुलांची उदासी, चिंता आणि वागण्यातल्या अडचणी यांवर परिणाम लहान ते मध्यम स्वरूपाचा असल्याचं त्यात आढळलं. म्हणजे पुस्तक हे औषधाची गोळी नाही. त्याने दुःख जात नाही. ते बोलण्याची सुरुवात करून देतं, पुढचं काम माणसाचं.

वाचायचं कसं?

- आधी पुस्तक स्वतः पूर्ण वाचा. आपल्याला कुठे रडू येतं ते ठाऊक असू द्या. मुलासमोर रडू आलं तरी चालेल. ‘मला आबांची आठवण आली म्हणून रडू आलं, थोड्या वेळाने थांबेल,’ एवढं सांगितलं की मूल घाबरत नाही.
- झोपायच्या आधी नको. प्रश्न उगवले तर बोलायला वेळ हवा. दुपार किंवा संध्याकाळ बरी.
- अगदी आपल्या घरासारखीच घटना असलेलं पुस्तक पहिल्या काही दिवसांत नको. प्राण्या-पाखरांच्या गोष्टींपासून सुरुवात करावी.
- ‘झोपला’, ‘तारा झाला’ असं लिहिलेलं पुस्तक असेल तर थांबून खरा शब्द सांगा.
- मुलाला थेट न विचारता पात्राबद्दल विचारा. ‘तिला काय वाटत असेल?’ तो स्वतःबद्दल बोलला तर ऐका, नाही बोलला तर पान उलटा.
- नको म्हणालं तर आग्रह नको. पुस्तक हाताला लागेल अशा जागी ठेवा. मुलं पुष्कळदा एकटी असताना ते काढून बघतात.
- किशोरवयीन मुलांना चित्रपुस्तक ‘बालिश’ वाटू शकतं. त्यांना कादंबरी द्या, आपणही वाचा आणि चहा घेताना त्याबद्दल बोला.
- गोष्टीचं तात्पर्य काढू नका.

पुस्तक मिळालं नाही तर? शंभर पानी वही घ्या आणि मुलाबरोबर त्या माणसाचं पुस्तक तयार करा. फोटो, आईच्या हातच्या कढीची कृती, बाबांची सही, बसचं तिकीट, त्यांचा आवडता शब्द, त्यांनी रागावलेला एक प्रसंगही. जुन्या साड्यांची गोधडी शिवतो तसंच हे तुकड्यांनी जोडायचं काम आहे. लहान मुलाने चित्रं काढावीत, मोठ्याने त्याचे शब्द जसेच्या तसे उतरवून घ्यावेत. वर्षश्राद्धाच्या दिवशी, वाढदिवसाला ती वही काढून पुन्हा वाचता येते. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बाईंनाही वर्गातल्या एखाद्या मुलाबरोबर मधल्या सुट्टीत हे करता येईल.

पुस्तक पुरत नाही तेव्हा

शोक हा आजार नाही. पहिले काही महिने अंथरुण ओलं होणं, अभ्यासात मागे पडणं, आईला क्षणभरही न सोडणं हे अनेक मुलांमध्ये दिसतं आणि आधार मिळाला की कमी होतं. पण मूल ‘मलाही बाबांकडे जायचंय’ असं वारंवार म्हणत असेल, स्वतःला दोष देत असेल, शाळेत जायचं पूर्ण थांबलं असेल, पोटदुखी-डोकेदुखीचं कारण डॉक्टरांना सापडत नसेल, किंवा सहा महिन्यांनंतरही दुःखाची धार तशीच राहून रोजचं जगणं अडलं असेल, तर बालमानसतज्ज्ञ किंवा समुपदेशकाची भेट लांबवू नये. आत्महत्येने किंवा हिंसेने माणूस गेलं असेल तर हा सल्ला सुरुवातीलाच घ्यावा. ‘टेलि-मानस’ ही सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर, तर मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८ या क्रमांकावर विनाशुल्क उपलब्ध आहे.

तोवर घरात एक गोष्ट आजच करता येईल. जे नाव घेणं सगळ्यांनी थांबवलं आहे, ते मुलाच्या देखत एकदा घ्यावं. ‘आज कढी केली, आबांना आवडायची ना?’ एवढंसं वाक्य पुरेसं आहे. या घरात आबांबद्दल बोललं तर चालतं, हे मुलाला त्यातून कळतं. मग एखाद्या संध्याकाळी पुस्तक उघडावं आणि ते काय विचारतं याची वाट पाहावी.